मृत्युपत्र लिहिणारा हात



मागच्या बैठकीत आम्ही मृत्युपत्राचा विषय काढला, तेव्हा एक ताई लगेच म्हणाल्या, "जिवंतपणी मरणाचा कागद कशाला? अभद्र बोलू नये." बाकीच्या हसल्या. मग कोपऱ्यात बसलेल्या आजी बोलल्या, "माझ्या माहेरात कागद नव्हता, म्हणून भाऊ भाऊ कोर्टात म्हातारे झाले. सासरी कागद होता, पण त्यात एकाही लेकीचं नाव नव्हतं." हसणं थांबलं.

आजींच्या या दोन वाक्यांत आजचं सगळं बोलणं आलं. कागद नसला तर भांडण, आणि कागद असला तरी तो दुसऱ्याच्या हातचा. म्हणून आज आम्ही मृत्युपत्राचा इतिहास सांगणार आहोत. हा कागद आधी कोण लिहीत होतं, त्यात बाईला काय मिळत होतं, आणि तो स्वतः लिहायचा हक्क तिला कधी मिळाला, हे कळलं की आज तालुक्याला जाऊन वकिलाला काय विचारायचं तेही कळेल.

तोंडी इच्छा आणि चुलीपाशी बसलेली बाई

आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रात आज आपण म्हणतो तसं मृत्युपत्र नव्हतं. घराची जमीन एकत्र कुटुंबाची. मुलगा जन्मला की त्याचा तिच्यात वाटा, आणि एक पुरुष गेला की त्याचा हिस्सा मागे राहिलेल्या पुरुषांकडे. बाईचं म्हणून होतं ते स्त्रीधन, म्हणजे लग्नात आणि माहेरून मिळालेलं सोनंनाणं, भांडीकुंडी. बाकी तिला पोटगी, म्हणजे खायला, ल्यायला आणि राहायला मिळण्याचा हक्क.

इंग्रजांची कोर्टं आली. मुंबई, कलकत्त्यासारख्या शहरांत व्यापार वाढला, तसे पैसेवाले हिंदू गृहस्थही मृत्युपत्र करू लागले. त्या काळात त्याला 'उईलपत्र' म्हणत. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी पहिला कायदा आला. मृत्युपत्र लेखी हवं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत, असं त्यानं ठरवलं. पण हा कायदा बंगालकडच्या मुलखाला आणि मुंबई, मद्रास या शहरांना लागू होता. आपल्या खेड्यापाड्यांना तो नव्हता. गावाकडे तोंडी सांगितलेली शेवटची इच्छाही चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून सगळीकडच्या हिंदूंसाठी लेखी आणि साक्षीदारांसह मृत्युपत्राचा नियम झाला.

आता डोळ्यांसमोर आणा. घरधनी अंथरुणाला खिळलेला. भोवती भाऊ, पुतणे, पाटील, सावकार. बायको चुलीपाशी, नाहीतर दाराआड. तो काय बोलला हे कुणी ऐकलं? जे अंथरुणाजवळ होते त्यांनी. पुढे साक्ष द्यायलाही तेच. बाईनं ऐकलं असलं तरी तिचं कोण ऐकून घेणार होतं?

विधवेची गत आणखी वेगळी. मुलगा नसला आणि नवरा भावांपासून वाटून वेगळा झालेला असला, तर नवऱ्याची जमीन तिच्याकडे येई. पण ती मालकी पुरी नसे. ती पिकं घेई, पण मनानं जमीन विकू शकत नसे. देणं फेडायचं आहे, घरखर्च भागत नाही, अशी अडचण कोर्टाला पटली तरच विक्री टिके. ती गेली की जमीन नवऱ्याच्या भाऊबंदांकडे परत. म्हणजे त्या जमिनीचं मृत्युपत्र तिला करताच येत नव्हतं. मुंबई इलाख्यात बापाकडून वारशानं लेकीकडे आलेली मिळकत तिच्या पुऱ्या मालकीची मानत. इतर प्रांतांपेक्षा तेवढी बरी गोष्ट होती. पण लेकीची पाळी यायची ती मुलगा नसेल आणि विधवाही मागे नसेल तेव्हा.

आपल्या पणजीनं मृत्युपत्र का केलं नाही, याचं उत्तर इथे आहे. तिला अक्कल नव्हती म्हणून नाही. लिहून ठेवण्यासारखं कायद्यानं तिचं असं फार थोडं होतं.

जोतीरावांचा कागद आणि सावित्रीबाईंचं टिटवं

त्याच काळात पुण्यात एका घरी वेगळा कागद झाला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८७ साली आपलं मृत्युपत्र करून ते सरकारदरबारी नोंदवलं. त्यांना आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता. आपल्यामागे या मुलाच्या वारसाहक्कावर भाऊबंद बोट ठेवतील, हे जोतीराव जाणून होते. म्हणून त्यांनी कागदावर यशवंतला वारस नेमलं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत पुढे टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी अडवलं. टिटवं धरणारा तो वारस, अशी समजूत होती आणि यशवंतला ते मिळू नये असं त्यांना वाटत होतं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवं हातात घेतलं, यात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याला अग्नीही त्यांनीच दिला.

ही गोष्ट आपण शाळेतल्या कार्यक्रमात धीटपणाची म्हणून ऐकतो. ती वारशाचीही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. जोतीरावांनी भांडण होईल हे आधी ओळखलं आणि धडधाकट असताना कागद करून नोंदवला. आणि तरीही तो कागद उभा ठेवायला घरातल्या बाईला चार लोकांसमोर पुढे व्हावं लागलं. कागद आणि धीर, दोन्ही लागतात.

नाशिकात जन्मलेली वकील

आता दुसरी एक बाई. तिचं नाव आपल्यापैकी फार थोड्याजणींनी ऐकलं असेल. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. घर ख्रिस्ती, वडील मूळचे पारशी. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. परीक्षेत त्या इतक्या वर होत्या की विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. मग हितचिंतकांनी पैसे जमवले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. बाईनं ती परीक्षा देण्याची ती पहिलीच वेळ. पण पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ बायांना पदवीच देत नव्हतं.

कायदाच का शिकल्या? त्यांनी आपल्या आठवणींत लहानपणचा एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या आईकडे एक श्रीमंत गुजराती विधवा मदत मागायला आली होती. तिच्या मिळकतीचा कारभार बघणाऱ्या माणसानंच तिला कागदात फसवलं होतं. तिच्याजवळ पैसा होता, माणसं होती. नव्हतं ते एवढंच, की कागदात काय लिहिलंय हे विश्वासानं सांगणारं कुणी.

परत आल्यावर कॉर्नेलियाबाईंना कोर्टात वकील म्हणून उभं राहू देत नव्हते. मग त्यांनी दुसरी वाट धरली. पडद्यात राहणाऱ्या बायांना परक्या पुरुषाशी बोलायची बंदी असे. त्यांच्या नावावर मोठ्या इस्टेटी असत, पण वकिलाशी बोलायचं तर मध्ये दिवाणजी नाहीतर दीर. १९०४ साली सरकारनं कॉर्नेलियाबाईंना बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्स या खात्यात नेमलं. अज्ञान मुलांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सांभाळणारं हे खातं. पुढे बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आलं. पालखीत, होडीत, हत्तीवर बसून त्या वाड्यावाड्यांत जात, जनान्यात बसत, कागद वाचून दाखवत. अशा सुमारे सहाशे बायका आणि मुलांना त्यांनी मदत केली, असं सांगतात. त्यांची राजकीय मतं आपल्याला पटणारी नाहीत. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या. पण बाईला कायद्याची मदत हवी असेल तर ती तिच्या दारापर्यंत आणि तिला समजेल अशा बोलीत पोचली पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. १९२३ साली कायदा बदलला आणि बायांना वकिली खुली झाली.

ती फसलेली विधवा आजही आपल्यात आहे. दिवाळीला, नाहीतर बाप गेल्यावर दिवसपाण्याला जमल्यावर भाऊ म्हणतो, "ताई, तलाठ्याचा एक कागद आहे, सही करून टाक." ताई सही करते, कुणी अंगठा देते. साडीचोळी घेऊन घरी येते. वर्षभरानं कळतं की तो हक्कसोडपत्राचा कागद होता. त्यात कुणाला आपखुशीनं हक्क सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न. पण न वाचता सोडला तर ती खुशी कसली?

एका हातानं दिलं

बाईच्या मिळकतीचा कायदा बदलायला मोठे झगडे झाले. १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला. मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख यांनी तो आणला, म्हणून त्याला 'देशमुख कायदा' म्हणत. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलाइतका वाटा त्यानं दिला. पण मालकी तीच, तिच्या जिवापुरती. आणि लेकीला काहीच नाही.

मग स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं. लेकीला वारसा, बाईला पुरी मालकी, हे त्यात होतं. विरोध एवढा झाला की बिल अडकलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला.

ही तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. त्या कायद्याच्या कलम १४ नं बाईकडे हक्कानं आलेली मिळकत तिच्या पुऱ्या मालकीची केली. विकायची, द्यायची, मृत्युपत्रानं कुणालाही ठेवायची मोकळीक झाली. जिवापुरतं धरून बसलेल्या हजारो विधवा त्या दिवशी कायद्यानं मालकीण झाल्या.

पण त्याच कायद्यात कलम ३० होतं. आधी एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला आपल्या न वाटलेल्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येत नव्हतं. कलम ३० नं ते करता येऊ लागलं. म्हणजे एका हातानं लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, आणि दुसऱ्या हातानं बापाला तो वाटा कागदानं काढून घ्यायची वाट दिली. "मुलींची लग्नं करून दिली, त्यांना द्यायचं ते दिलं, सबब सर्व मिळकत मुलांना" हे वाक्य तेव्हापासून कितीतरी मृत्युपत्रांत आलं असेल. आजींच्या सासरचा कागद असाच होता.

महाराष्ट्रानं टाकलेली पावलं

इथे आपल्या राज्याच्या बाया आणि शेतकरी पुढे झाले. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं १९८९-९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. नवऱ्यानं जिवंतपणीच बायकोच्या नावानं जमीन करायची. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावानं यात पहिली वाट दाखवली. १९९२ साली सरकारनं लक्ष्मीमुक्ती योजनेचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव त्याच्यासोबत लागतं. २००३ साली 'घर दोघांचे' आलं आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत घरावर नवराबायको दोघांचं नाव लावायला सुरुवात झाली.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मानं वाटा दिला. केंद्राच्या आधी अकरा वर्षं. उणीव एकच होती. त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून सुटल्या. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा बदल आला आणि लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या लेकी त्यात आल्या. तरीही वाद राहिला, की बाप २००५ च्या आधी वारला असेल तर काय? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, लेकीचा वाटा जन्मानं आहे, त्या तारखेला बाप हयात असायची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडत नाही.

याचा अर्थ मृत्युपत्राच्या बाबतीत काय? बापाला मृत्युपत्र करता येतं ते स्वतःच्या कमाईचं आणि वडिलोपार्जित मिळकतीतल्या स्वतःच्या हिश्शाचं. लेकीचा जन्मानं आलेला वाटा त्याचा नाही, तो त्याला दुसऱ्याच्या नावानं लिहिता येत नाही. "बाबांनी मृत्युपत्र केलंय, तुझं काही नाही" असं कुणी म्हणालं तर रडत बसू नका. त्या कागदाची नक्कल मागा आणि जमीन कुठली आहे ते आधी बघा.

कागद न केलेल्या बाईची मिळकत

आता बाईच्या स्वतःच्या मृत्युपत्राकडे येऊ. "माझ्याकडे आहे काय मोठं?" असं आपण म्हणतो. एका बाईची हकिगत ऐका. ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालात आहे.

तिचं लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा साप चावून वारला. सासरच्यांनी हाकलून दिलं. आईबापांनी सांभाळलं, शिकवलं. ती नोकरीला लागली, चाळीस वर्षं सासरच्या कुणी तिची चौकशीही केली नाही. ती वारली तेव्हा मागे बँकेत पैसे होते, भविष्यनिर्वाह निधी होता. मृत्युपत्र नव्हतं. तिची आई म्हणाली, माझ्या लेकीचं आहे, मला मिळावं. नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे म्हणाले, आम्ही वारस. न्यायालयानं कायदा बघितला. मूलबाळ आणि नवरा मागे नसलेल्या हिंदू बाईची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आणि नंतर आईबापांकडे. सहानुभूतीनं कायदा बदलत नाही, असं म्हणून मिळकत त्या भाच्यांना मिळाली.

एका पानाचं मृत्युपत्र असतं तर ती आईला मिळाली असती. ते करायचा हक्क तिला १९५६ नं दिला होता. तो वापरायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या गटातल्या एकट्या राहणाऱ्या, टाकून दिलेल्या, मूल नसलेल्या, लेक सांभाळत असलेल्या प्रत्येक बाईनं हे लक्षात ठेवावं. बचतीचे पैसे, दोन शेळ्या, शिलाई मशीन, गावठाणातली खोली, माहेरून आलेलं अर्धा एकर, हे सगळं मिळकतच आहे. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनी पैसे हातात घेतो, पण साधारणपणे ते वारसांसाठी सांभाळायला.

वकील फुकट मिळतो, आणि तो उपकार नाही

"वकिलाची फी कुठून आणायची?" हा पुढचा प्रश्न. हाही जुना आहे. मुंबई सरकारनं गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यासाठी १९४९ साली न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९७६ साली घटनेत कलम ३९-अ आलं, की पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदत कुणाला, याची यादी आहे. त्यात 'स्त्री' असा शब्द आहे. गरीब स्त्री असं नाही, नुसती स्त्री. तिचं उत्पन्न विचारायचं नाही, जात विचारायची नाही. आणि मदत म्हणजे फक्त कोर्टातली केस नव्हे. कायद्याच्या कुठल्याही बाबीवर सल्ला देणं हेही त्यातच येतं. म्हणजे मृत्युपत्र कसं करावं, हक्कसोडपत्रावर सही करावी का, वारस नोंद अडली आहे, हे विचारायला तुम्ही जाऊ शकता.

कुठे जायचं? तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. साध्या कागदावर अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तिथे सांगायचं, ते लिहून घेतात. १५१०० हा फोन नंबरही आहे. भावाबहिणींनी समजुतीनं मिटवायचं असेल तर लोकअदालत आहे. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच चालतो.

सगळीकडे लगेच आदरानं बसवतील असं नाही. आमच्या एक ताई एका तालुक्याच्या ठिकाणी गेल्या, तर "साहेब नाहीत, नंतर या" असं दोनदा ऐकून परत आल्या. तिसऱ्या वेळी गटातल्या चौघी सोबत गेल्या, लेखी अर्ज दिला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. मग वकील मिळाले. म्हणून एकटीनं जाऊ नका आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

कागद करताना

मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. स्टँप लागत नाही. करणारी अठरा वर्षांवरची आणि शुद्धीत असली पाहिजे. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करायचा, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीदार करू नका, पुढे संशयाला जागा होते. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान असावेत, म्हणजे वेळेला साक्ष द्यायला ते असतील.

अंगठा देणार असाल तर कागद आधी मोठ्यानं वाचून घ्या, आणि "मला वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे" असं त्यात लिहून घ्या. वय झालं असेल तर डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा. गट नंबर, घराचा नंबर, बँकेचं खातं नीट लिहा. कुणाला का देता आणि कुणाला का देत नाही, हे एका ओळीत लिहिलं तर भांडण कमी होतं.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती करून घेतली तर कागद पक्का राहतो. कागद किती वेळाही बदलता येतो. शेवटचा खरा. कुळाची, इनामाची किंवा वतनाची जमीन असेल तर आधी वकिलाला विचारा, तिथे वेगळे निर्बंध असतात. मुसलमान बहिणींना साधारणपणे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच मृत्युपत्र करता येतं, आणि ते वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. आदिवासी बहिणींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, तिथे जमातीची रूढी बघतात. त्यांनी तर सल्ला घेतल्याशिवाय कशावरही अंगठा देऊ नये.

घरात कुणी गेलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवा आणि फेरफारात सगळ्या लेकींची नावं आली का ते स्वतः वाचा. आणि फसवून हक्कसोड लिहून घेतला असेल तर थांबू नका. फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो.

बैठक संपताना त्या आजी आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "माझ्या नावावर माहेरचं पाऊण एकर आहे. धाकटी लेक माझ्याजवळ राहते. मला कागद करायचाय. पण आधी कुणीतरी वाचून दाखवायला पाहिजे." त्यांचं वय विचारलं. म्हणाल्या, ज्या साली बायांचा कायदा झाला त्याच सालचा जन्म, असं आत्ताच तुमच्याकडून कळलं.

येत्या बुधवारी आम्ही चौघी त्यांच्यासोबत तालुक्याला जाणार आहोत. तुमच्या गटातून कुणाला यायचं असेल तर सातबारा, आधार आणि घरात असतील ते जुने कागद पिशवीत घालून सकाळच्या एसटीला उभ्या राहा.